मागच्या डिफचे माउंट बदलायचेत? पुण्यातल्या नवशिक्यांसाठी

सिग्नल सुटला, क्लच सोडला, की मागून ‘टक्’. ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की पुन्हा ‘टक्’. मागच्या चाकांवर चालणारी दमदार गाडी काही वर्षं पुण्यात फिरली की हा आवाज कधीतरी गाठतोच. मग गाड्यांचा नाद असलेला एखादा मित्र छातीठोकपणे सांगतो, ‘‘डिफचे बुश गेलेत रे. पॉलीचे टाक, गाडी एकदम टाइट होईल.’’ डिफ म्हणजे डिफरन्शियल, इंजिनची ताकद दोन चाकांत वाटणारा दात्यांचा डबा. तो ज्यावर टांगलेला असतो ते माउंट, त्यातली रबरी गादी म्हणजे बुश, आणि पॉली म्हणजे रबरापेक्षा कडक पॉलियुरेथेन. गाडी टाइट होते, हे खरं. पण आजवर जो धक्का रबर गिळत होतं तो उद्यापासून कोणाच्या अंगावर जाणार, ते हा मित्र सांगत नाही. हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे. पान्ह्या-बोल्टांचं काम ओघात येईलच.

तुमच्या गाडीला हे माउंट आहेत का?

प्रश्न बावळट वाटेल, पण पुण्यात ज्यांना आपण फास्ट गाड्या म्हणतो त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना मागे डिफरन्शियल नसतंच. पोलो जीटी, आय-ट्वेंटी एन लाइन, आपल्याकडे विकली गेलेली ऑक्टाव्हिया आरएस या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. त्यांचं डिफ गिअरबॉक्सच्या पोटात असतं आणि त्यांच्या ‘टक्’चा शोध इंजिन माउंटिंगपासून सुरू करायचा असतो. थार, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांना मागे डिफ आहे, पण ते अख्ख्या ॲक्सलच्या हाउसिंगमध्येच बसवलेलं आहे. तिथे वेगळे माउंट नसतात, लिंकांचे (ॲक्सल गाडीला जोडणाऱ्या दांड्यांचे) बुश असतात.

आपला विषय आहे तो मागचं सस्पेन्शन स्वतंत्र असलेल्या आणि मागच्या चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यांचा. बीएमडब्ल्यूची थ्री सीरिज, चाकणला जुळणी होणारी मर्सिडीजची सी-क्लास, जॅग्वार एक्सई, निसान ३७०झेड, २०१५ च्या मॉडेलपासूनची मस्टँग. ऑडीच्या बहुतेक क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांवर चालणाऱ्या, गाड्याही यात धरा. या गाड्यांत डिफचं हाउसिंग सबफ्रेमला, म्हणजे मागचं सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटीला, बोल्टांनी टांगलेलं असतं आणि बोल्ट व लोखंड यांच्यामध्ये रबराचे बुश असतात. कुठे तीन, कुठे चार. एखादा बुश सबफ्रेममध्ये दाबून बसवलेला, तर एखादा डिफच्या मागच्या कव्हरच्या कानात. तुमच्या गाडीत नेमके किती आणि कुठे, हे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये पाहा. नुसत्या मॉडेलच्या नावावर पार्ट मागवू नका. एकाच मॉडेलच्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांची डिफ वेगळ्या मापाची असू शकतात. चॅसिस नंबर देऊन पार्ट नंबर काढून घ्या.

एवढ्याशा रबरावर किती जोर येतो

थोडं गणित करू. इंजिनचा टॉर्क ३०० न्यूटन-मीटर, पहिल्या गिअरचा रेशो ३.५, डिफचा ३. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत जाणारा दांडा) येतात १०५० न्यूटन-मीटर आणि मागच्या दोन चाकांवर मिळून ३१५०. चाकं पुढे फिरतात तेव्हा तेवढ्याच जोरात डिफचं हाउसिंग उलटं फिरू पाहतं, म्हणजे त्याचं नाक वर उचलतं आणि शेपूट खाली दबते. पुढच्या आणि मागच्या माउंटमध्ये ४० सेंटीमीटर अंतर धरलं तर प्रत्येक टोकाला सुमारे ७९०० न्यूटन, म्हणजे ८०० किलोचा जोर. जवळजवळ अख्ख्या वॅगनआरचं वजन. शिवाय शाफ्टचे ते १०५० न्यूटन-मीटर डिफला आडवं पिळत असतात, ते वेगळेच.

हा झाला एकसारखा जोर. खरी मारामारी होते टायरची पकड सुटते-धरते तेव्हा. टायर घसरला की ताणलेले बुश उसळून परत येतात, टायर पुन्हा धरतो, बुश पुन्हा ताणले जातात. मागचं चाक थडथड उड्या मारायला लागतं. यालाच व्हील हॉप म्हणतात. ड्रॅग शर्यतीच्या सुरुवातीला गाडीचं बूड थरथरताना पाहिलं असेल तर तेच ते. एक्सल शाफ्ट आणि क्राउन-पिनियन (डिफमधली मुख्य दातेरी जोडी) मोडतात ते बऱ्याचदा या उड्यांत, निव्वळ ताकदीने नव्हे. माउंट कडक करण्याचं सगळ्यात रास्त कारण हेच आहे.

आवाज नक्की कुठून येतोय

‘टक्’ करणाऱ्यांची यादी मोठी आहे. शाफ्टच्या सांध्यातला क्रॉस, गिअरबॉक्सच्या मागची रबरी चकती, मधलं बेअरिंग, एक्सलचे सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे सांधे), सबफ्रेमचे बुश, गिअरबॉक्सचं माउंटिंग. डिफचे माउंट बदलून आवाज तसाच राहिल्याची तक्रार नेहमी ऐकू येते, कारण निदान न करताच पार्ट मागवलेला असतो.

सोपी तपासणी अशी. गाडी सपाट जागी लावा, चारही चाकांना ठोकळे लावा. मोबाईलचा व्हिडिओ स्लो मोशनवर सुरू करून तो गाडीखाली जमिनीवर असा ठेवा की डिफचं नाक आणि बुश दोन्ही दिसतील, टॉर्च लावायला विसरू नका. आत बसलेल्याने ब्रेक गच्च दाबून ठेवायचा आणि न्यूट्रल, ड्राइव्ह, न्यूट्रल, रिव्हर्स असं सावकाश करायचं. मॅन्युअल गाडी असेल तर क्लच जरासा धरायला लागेपर्यंतच सोडायचा. या वेळी गाडीखाली, गाडीपुढे किंवा मागे कोणीही नको. नंतर व्हिडिओ पाहा. नाक थोडंसं हललं तर ते रबराचं कामच आहे. नाक उसळून सबफ्रेमला किंवा गाडीच्या तळाला टेकत असेल, किंवा बुशाची मधली नळी स्पष्टपणे एका बाजूला जात असेल, तर माउंट गेले.

मग गाडी वर घेऊन टॉमी (लोखंडी पहार) लावून बघा. टॉमी डिफच्या ॲल्युमिनियम कव्हरच्या कडेला टेकवू नका, कडा तुटते. रबरात नखाएवढी चीर दिसली की लगेच घाबरायचं कारण नाही. रबर लोखंडापासून सुटलंय का ते महत्त्वाचं. जोर दिल्यावर दोघांमध्ये काळी फट उघडते का पाहा.

काही गाड्यांत बुशाच्या आत द्रव भरलेला असतो. निसानच्या ३५०झेड आणि ३७०झेड यासाठी प्रसिद्ध आहेत. बुश फाटला की तो द्रव डिफच्या मागून ओघळतो आणि मिस्त्री म्हणतो, ‘‘ऑइल सील गेलंय.’’ बोटावर घेऊन वास घ्या. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, एकदा नाकात गेला की विसरत नाही. तो दर्प नसेल तर सील बदलण्याआधी बुश तपासा.

कोणता माउंट घ्यायचा

कंपनीचं नवीन रबर. ज्यांची गाडी रोज हिंजवडी किंवा खराडीला जाते, इंजिन स्टॉक आहे, वर्षातून दोनदा ताम्हिणीला मोकळा रस्ता मिळाला तर मिळाला, त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. हे ‘अपग्रेड’ नाही म्हणून कोणाला आवडत नाही. पण थकलेलं रबर काढून नवीन टाकलं की गाडी इतकी बदलते की पुढचा विचार करायची गरज बऱ्याच जणांना उरत नाही.

इन्सर्ट. रबरी बुशात ठेवलेल्या पोकळ्यांमध्ये भरायचे पॉलियुरेथेनचे तुकडे. मूळ बुश काढावा लागत नाही, डिफ पूर्ण उतरवावं लागत नाही, पसंत नाही पडलं तर काढून टाकता येतं. थोडी सुधारलेली, रीमॅप केलेली (सॉफ्टवेअर बदलून इंजिनची ताकद वाढवलेली) गाडी असेल तर इथून सुरुवात करा. अट एकच, मूळ रबर धडधाकट हवं. फाटलेल्या बुशात इन्सर्ट कोंबणं म्हणजे पैसे वाया.

पूर्ण पॉलियुरेथेन. इथे कडकपणा शोर ए या मापात सांगतात. आकडा जितका मोठा तितका माल कडक. पॉवरफ्लेक्सच्या जांभळ्या बुशांचा आकडा ८० च्या आसपास, काळ्यांचा ९५. जांभळे रस्त्यासाठी आहेत आणि काळे ट्रॅकसाठी. व्हाइटलाइन आणि सुपरप्रो या ऑस्ट्रेलियन कंपन्यांचा मालही चांगला असतो. ‘घ्यायचाच तर सगळ्यात कडक घेऊ’ हा मोह काळ्या बुशांकडे नेतो. रोजच्या गाडीत तो टाळा.

ॲल्युमिनियमचे भरीव माउंट. ज्या गाडीत मागची सीट काढून पिंजरा लावलाय तिच्यासाठी. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर चार सेकंदांत शंभर गाठायला बांधलेल्या गाडीत ते शोभतात. कर्वे रोडला नाही.

आता मूळ मुद्दा. डिफमधले दात एकमेकांवर फिरताना बारीक गूं आवाज करतातच. तुमचं डिफ आजही तो आवाज करतंय, रबर तो अडवतंय एवढंच. माउंट कडक केले की तो सबफ्रेममधून थेट तळाच्या पत्र्यात जातो. साधारण ६० ते ९० च्या वेगात, पाय स्थिर असताना, मागच्या सीटखाली कोणीतरी शिट्टी वाजवतंय असं वाटायला लागतं. घरच्यांना ते आवडत नाही, हे लिहून ठेवा. पण आवाज तरी सहन होतो. धक्क्याचं तसं नाही. डिफ कडक केलं आणि सबफ्रेमचे बुश जुनेच ठेवले, तर आता डिफसकट अख्खी सबफ्रेम डुलते आणि तिचे कमकुवत झालेले बुश आधी मरतात. सबफ्रेमही कडक केली, तर जोर जातो बॉडीवर. बीएमडब्ल्यूच्या ई-४६ पिढीत सबफ्रेम जिथे बॉडीला जोडली जाते तिथला पत्रा चिरतो, हे जगभर माहीत असलेलं दुखणं आहे. तसली जुनी गाडी असेल तर माउंटला हात लावायच्या आधी कार्पेट उचलून आणि खालून, दोन्हीकडून पत्रा तपासा. चीर असेल तर आधी वेल्डिंग आणि पट्ट्या, मग बुश.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे. सबफ्रेमचे बुश ठीक आहेत का, ते बघा. नसतील तर दोन्ही एकत्र करा, कारण उतरवण्याची मजुरी एकदाच लागते. डिफ सबफ्रेमपेक्षा फार कडक नको. आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग लोंबत असेल तर तेही याच फेरीत.

सामान आणि जागा

सोसायटीच्या पार्किंगमध्ये हे काम करू नका. सेक्रेटरी येईल हे आहेच, पण खरी अडचण म्हणजे उताराची फरशी आणि डोक्यावर दीड टन. ओळखीच्या गॅरेजात दोन खांबी लिफ्ट दोन दिवसांसाठी मिळाली तर उत्तम. शनिवारी लावली की रविवारी संध्याकाळी काढता येते, पण मालकाशी सोमवारचीही बोली करून ठेवा. एखादा बोल्ट अडून बसतोच. लिफ्ट नसेल तर सपाट काँक्रीट, चार दणकट घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) आणि दोन जॅक. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. यात तडजोड नाही.

पाने-सॉकेट बोहरी आळीत मिळतात. जर्मन गाड्यांसाठी टॉर्क्स आणि ई-टॉर्क्सचा (चांदणीच्या आकाराच्या बोल्टांचा) चांगला सेट घ्या; हलका सेट एक्सलच्या बोल्टावर घसरला की बोल्टाचं डोकं गोल होतं आणि मग अर्धा दिवस त्यातच जातो. टॉर्क रेंच मागून आणलात तरी चालेल, पण हवाच. त्याशिवाय ट्रान्समिशन जॅक, बुश काढायचा स्क्रू-प्रेस, गंज सोडवायचा स्प्रे, वायर ब्रश, हॅकसॉ ब्लेड, बारीक इमरी पेपर, पक्का मार्कर, बांधायला तार, सिलिकॉन ग्रीस, नवीन ड्रेन-वॉशर आणि डिफचं ऑइल. चष्मा घाला. गाडीखाली पडल्या पडल्या डोळ्यात गंज गेला की काम संपतं.

बोल्टांचं एक सांगायचं राहिलं. मॅन्युअलमध्ये टॉर्कच्या आकड्यापुढे ‘अधिक ९० अंश’ असं काही लिहिलेलं असेल तर तो बोल्ट ताणून बसणारा आहे आणि एकदाच वापरायचा आहे. नवीन मागवा. ‘नाना पेठेत तसाच मिळतो’ हे बुशाच्या बाबतीत कधीकधी खरं असतं, पण बोल्टाच्या बाबतीत मापाबरोबर ग्रेडही जुळली पाहिजे. बोल्टाच्या डोक्यावर ८.८, १०.९ असे आकडे कोरलेले असतात. १०.९ च्या जागी ८.८ नको. मस्टँगवाल्यांनी पार्ट हातात आल्याशिवाय गाडी उघडू नये, फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवल्यापासून बरंचसं सामान बाहेरूनच येतं.

उतरवताना

आदल्या रात्री सगळ्या बोल्टांवर स्प्रे मारून ठेवा. मुंबईच्या गाड्यांएवढा गंज पुण्यात नसतो, पण कोकणात वारंवार गेलेली गाडी असेल तर आशा ठेवू नका. सायलेन्सर थंड होऊ द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा.

ऑइल काढणार असाल तर आधी वरचा भरायचा प्लग उघडा. तो उघडला की मगच खालचा. उलटं केलं आणि वरचा प्लग अडकून बसला, तर डिफ रिकामं आणि गाडी लिफ्टवर, असा देखावा होतो. ऑइल भांड्यात घ्या, गटारात नको. गॅरेजकडे जुन्या ऑइलचं पिंप असतं, त्यात ओता. प्लगच्या चुंबकावर राखाडी पेस्ट असणं ठीक आहे. चमकणारे तुकडे असतील तर तुमचा प्रश्न माउंटपुरता राहिलेला नाही.

सायलेन्सरचा मागचा भाग उतरवा. उष्णतेचे पत्रे काढा, त्यांचे छोटे बोल्ट झटक्यात तुटतात म्हणून हलक्या हाताने. मग प्रोपेलर शाफ्ट. सोडवण्याआधी शाफ्टच्या आणि डिफच्या फ्लँजवर मार्करने एकच आडवी रेघ मारा. शाफ्ट तोलून बसवलेला असतो, एक भोक इकडचं तिकडे झालं तर ८० ला गाडी थरथरते आणि तुम्ही कारण भलतीकडेच शोधत बसता. रेघेवर स्प्रे उडाला तर ती पुसते, म्हणून सेंटर पंचने एक ठिपकाही मारा. शाफ्ट लोंबता ठेवू नका, तारेने वर बांधा. एक्सलचंही तसंच. आतले बोल्ट काढून, तिरका न होऊ देता, बाजूला बांधायचे. लोंबता ठेवलात तर सीव्ही जॉइंटचं बूट फाटतं.

आता ट्रान्समिशन जॅक डिफखाली आणा आणि पट्ट्याने डिफ जॅकला बांधा. याचं वजन ३०-४० किलोच्या घरात असतं आणि ते एका बाजूला कलतं. हातावर तोलून घेता येईल असं वाटतं, येत नाही. माउंटचे बोल्ट शेवटी सोडवा आणि ते काढताना जॅकने अगदी थोडा आधार द्या. जास्त उचललं तर बोल्ट आवळला जातो, कमी तर वाकतो. व्हेंटची नळी आणि वेगाच्या सेन्सरची वायर राहिली आहे का, हे खाली घेण्याआधी एकदा हात फिरवून बघा.

बुश काढणं आणि बसवणं

सगळ्यात नाजूक भाग हाच, म्हणून थोडं सावकाश.

जुना बुश काढायच्या आधी त्याचा फोटो घ्या आणि तो कोणत्या दिशेने बसलाय त्याची खूण हाउसिंगवर करा. रबरी बुशातल्या पोकळ्या उगाच ठेवलेल्या नसतात. एका दिशेला मऊ आणि दुसऱ्या दिशेला कडक राहावा म्हणून त्या असतात. नवीन रबर ९० अंश फिरवून बसवलं तर जिथे कडक हवं तिथे मऊ होईल. भोसरीला प्रेस मारायला दिलंत तर कारागिराला हे तोंडी नको, हाउसिंगवर मार्करने बाण काढून द्या. त्याच्या हाताखालून दिवसभरात पन्नास बुश जातात.

दुसरं, पॉलीच्या किटमधला कागद नीट वाचा. काही किटांत जुन्या बुशाची बाहेरची लोखंडी नळी तशीच ठेवायची असते आणि फक्त रबर काढायचं असतं. काहींत नळीही काढायची असते. नळी काढून टाकल्यावर हे कळलं तर नवीन बुश भोकात खुळखुळतो.

रबर जाळून काढायची जुनी सवय अजून दिसते. जाळू नका. धूर विषारी असतो, सबफ्रेम गाडीवर असेल तर पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते, आणि ॲल्युमिनियमचं हाउसिंग असेल तर उष्णतेने त्याचा दम जातो. स्क्रू-प्रेसने अख्खा बुश निघाला तर प्रश्नच नाही. नाही निघाला तर रबरात ड्रिलने ओळीने भोकं पाडा, मधला भाग ठोकून काढा, मग उरलेल्या नळीला आतून हॅकसॉ ब्लेडने एक चीर द्या. हळू, प्रत्येक थोड्या घासण्यानंतर थांबून बघा. पात्याखालचा भुसा रंग बदलतो का, हातातला आवाज बदलतो का. नळी कापली गेली आणि पातं हाउसिंगमध्ये शिरलं तर तिथे कायमची खाच राहते. चीर जवळजवळ आरपार आली की छिन्नीने नळीची कड आत वाकवा, ती सुटते. मग भोक इमरी पेपरने हलकं साफ करा. चकचकीत नको, फक्त गंज आणि जुनं रबर जायला हवं.

धातूची नळी असलेला नवीन बुश रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून. ६० मिलीमीटर व्यासाचा लोखंडी बुश ४५ अंशांनी थंड झाला की सुमारे ०.०३ मिलीमीटर आक्रसतो. ऐकायला काहीच नाही, पण दाबून बसणाऱ्या भागाला तेवढ्याने मोठा फरक पडतो. हाउसिंगला हीट गनने हाताला चटका बसेल इतकं तापवा. मग सरळ दाबा. पहिले दोन-तीन मिलीमीटर वाकडे गेले तर तिथेच थांबा, काढा, पुन्हा सुरुवात करा. जोर नेहमी बाहेरच्या नळीवर द्यायचा, मधल्या नळीवर दिलात तर नवीन रबर आतच फाटतं. हातोडा नको.

पॉलीचा बुश बहुधा दोन तुकड्यांत येतो आणि शिकंज्याने बसतो. किटमधलं सिलिकॉन ग्रीस सगळीकडे लावा. साधं पेट्रोलियम ग्रीस चालत नाही, आणि कोरडा बसवलेला बुश पहिल्या पावसानंतर कुरकुरायला लागतो.

परत चढवताना

डिफ वर घ्या, सगळे बोल्ट हाताने फिरतील तेवढे लावा. एकही आधी आवळायचा नाही. सगळे बोल्ट आटे न चावता आत गेले, डिफ मध्यावर आहे आणि शाफ्टची रेघ रेघेला जुळते, हे पाहून मग मॅन्युअलच्या क्रमाने, दोन टप्प्यांत टॉर्क द्या. ॲल्युमिनियमच्या आट्यांत गेलेल्या बोल्टावर इम्पॅक्ट गन चालवू नका. घट्ट झालेल्या प्रत्येक बोल्टावर मार्करची रेघ मारा, एक सुटलेला बोल्ट सापडायला याच्याइतकं सोपं काही नाही.

सस्पेन्शनचे आर्म सोडवले असतील तर त्यांचे रबरी बुश हवेत लोंबत असताना आवळू नका. चाक गाडीचं वजन घेऊन असतं तेवढ्या उंचीवर आर्म जॅकने उचला, मग आवळा. नाहीतर बुश कायमचे पिळलेले राहतात. सबफ्रेम हलवली असेल तर अलाइनमेंट करावंच लागेल.

ऑइल गाडी सपाट असताना भरायचं, भरायच्या भोकातून ओघळेपर्यंत. कोणत्या ग्रेडचं, ते मॅन्युअल सांगेल तेच. बऱ्याच गाड्यांना ७५डब्ल्यू-९० चालतं, पण सगळ्यांना नाही. क्लच पद्धतीचं एलएसडी (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला ताकद देणारं डिफ) असेल तर त्यासाठीचं ॲडिटिव्ह लागतं का, तेही तिथेच असतं. ते राहिलं तर पार्किंगमध्ये वळताना मागून करकर येते आणि लोक नवीन बुशांना दोष देतात.

पहिले काही किलोमीटर

आधी लिफ्टवरच चाकं हळू फिरवून पाहा. मग सोसायटीतल्या सोसायटीत, मग रात्री उशिरा रिकाम्या रस्त्यावर. आवाज ऐकायला शिरवळच्या दिशेने सातारा रस्ता चांगला. खिडक्या बंद, गाणी बंद, ६०, ७०, ८० वर स्थिर. खंबाटकीचा चढ लागला की इंजिनवर जोर असतानाचा आवाज कळतो, उतारावर पाय काढल्यावरचा. फक्त जोरात असताना एकसारखी बारीक शिट्टी आली तर ती कडक माउंटची देन आहे. वेगासोबत वाढणारी घरघर, जी पाय काढला तरी राहते, ती बेअरिंगची असण्याची शक्यता जास्त. आणि वेगाच्या एका ठराविक टप्प्यात थरथर आली तर शाफ्टच्या खुणा आणि त्याचा कोन पाहा. नवीन माउंटमुळे डिफचं नाक मूळ जागेपासून वर-खाली झालं असेल तर असं होतं.

लाँच मारून बघायची हौस सार्वजनिक रस्त्यावर फेडू नका. त्यासाठी ट्रॅक डे आणि ड्रॅगच्या स्पर्धा आहेत.

कागदपत्रांचं एक. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलापासून गाडी वेगळी होईल असे बदल करायला मनाई करतं. बुश त्या तपशिलात कुठेच येत नाही. वॉरंटीचं मात्र तसं नाही. गाडी वॉरंटीत असेल आणि उद्या डिफ मोडलं, तर जांभळ्या रंगाचे बुश दिसल्यावर कंपनी काय म्हणेल, याचा अंदाज तुम्हालाही आहे. जुने बुश फेकू नका.

सुमारे ५०० किलोमीटर झाले की गाडी पुन्हा वर घ्या, मार्करच्या रेघा जुळताहेत का पाहा, ऑइल कुठे पाझरलंय का बघा. एकदाच वापरायच्या बोल्टांवर पुन्हा टॉर्क रेंच लावू नका, त्यांची रेघ सरकली असेल तर बोल्ट बदला. बाकीच्यांवर मॅन्युअलचा आकडा लावून रेंच एकदा फिरवा. ‘कट्’ वाजला की पुढच्या बोल्टाकडे.